वाचकांचे प्रश्न : कवितेतला पक्षी आणि झाडावरचा पक्षी

वसंतवर्णनावरील लेख प्रसिद्ध झाल्यापासून आमच्याकडे आलेल्या पत्रांमध्ये पक्ष्यांविषयीची पत्रे सर्वांत अधिक आहेत, आणि त्यांतील बहुतेकांचा रोख एकच आहे. साहित्यात जे वाचले ते प्रत्यक्षात तसे नाही हे कळल्यावर आता काय करायचे, असे वाचक विचारतात. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझा नातू पाचवीत शिकतो. त्याला एक जुनी कविता वाचून दाखवताना ‘कोकिळा गाते’ अशी ओळ आली. तो लगेच म्हणाला, “आजी, हे चूक आहे. गातो तो नर असतो, मादी गात नाही. बाईंनी सांगितलंय.” आणि पुढे त्याने विचारले, “मग कवी खोटं लिहितात का?” मी एकतीस वर्षे मराठी शिकवले, पण या प्रश्नाला मला उत्तर सुचले नाही. (एक निवृत्त शिक्षिका, वाई)

उत्तर : आपल्या नातवाचे म्हणणे बरोबर आहे. आंब्याला मोहोर आल्यापासून पहाटे ‘कुऽऊ, कुऽऊ’ असा चढत जाणारा जो आवाज आपण ऐकतो तो काळ्याभोर, लाल डोळ्यांच्या नराचा असतो. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके आणि पट्टे असलेली. तिचा आवाज ‘किक्-किक्-किक्’ असा तुटक असतो, आणि तो ऐकून कोणालाही गाण्याची आठवण होणार नाही. मराठीने मात्र गाण्याचे सारे श्रेय तिला दिले. उत्तम गायिकेला आपण गानकोकिळा म्हणतो, सरोजिनी नायडूंना भारत कोकिळा म्हणतो, आणि ‘कोकिळेचा पंचम’ हा शब्दप्रयोग तर इतका रुळलेला आहे की त्यात काही चुकते आहे असे कानाला जाणवतही नाही.

परंतु ‘कवी खोटे लिहितात’ हा निष्कर्ष काढण्यापूर्वी त्याला एक गोष्ट अवश्य सांगा. ‘कुमारसंभवा’च्या तिसऱ्या सर्गात हिमालयावर अकाली वसंत अवतरतो, तेव्हा आंब्याचे कोवळे अंकुर खाऊन कंठ मोकळा झालेला पक्षी मधुर कूजन करू लागतो असे कालिदासाने लिहिले आहे, आणि त्या पक्ष्यासाठी त्याने योजलेला शब्द आहे ‘पुंस्कोकिल’, म्हणजे नर कोकीळ. दीड हजार वर्षांपूर्वीच्या कवीला जे माहीत होते ते आपण मध्येच कोठे तरी विसरलो. संस्कृतात या पक्ष्याला ‘परभृत’ आणि ‘अन्यपुष्ट’ अशीही नावे आहेत, त्यांचा अर्थ ‘दुसऱ्याने वाढवलेला’. तो स्वतःचे घरटे बांधत नाही, मादी कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते आणि कावळे त्या पिल्लांना वाढवतात, हे ज्ञान त्या नावांतच साठवलेले आहे.

हे दृश्य मी एकदा फार जवळून पाहिले आहे. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच्या बदामाच्या झाडावर कावळ्याचे घरटे होते. जूनच्या शेवटी त्यातून जे पिल्लू फांदीवर आले त्याच्या काळपट अंगावर तांबूस-पांढरे ठिपके उमटू लागले होते. कावळीने भाकरीचा एक तुकडा आमच्याच कुंडीखालच्या ताटलीतल्या पाण्यात बुडवून मऊ केला आणि पंख थरथरवत बसलेल्या त्या पिल्लाच्या घशात खोलवर घातला. ज्या निगुतीने तिने तो तुकडा भिजवला, ती पाहिल्यावर ‘कावळा फसला’ हे वाक्य मला नेहमीच्या सहजतेने उच्चारता येईना. फसवणूक झाली होती हे खरेच. पण त्या फांदीवर जे घडत होते ते आईपणच होते.

आता यातील सर्वांत महत्त्वाचा भाग. ‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकात गर्भवती शकुंतला दरबारात उभी आहे, शापामुळे दुष्यंताला तिची ओळख पटत नाही, आणि तपोवनात वाढलेल्या या मुलीला कपट ठाऊकच नाही असे गौतमी सांगते. त्यावर राजा म्हणतो की स्त्रियांना लबाडी शिकवावी लागत नाही. माणसाखेरीज इतर प्राण्यांतल्या माद्यांतही ती दिसते, कारण कोकिळा आपली पिल्ले आकाशात उडू लागेपर्यंत दुसऱ्या पक्ष्यांकडूनच वाढवून घेतात. येथे राजाचे पक्ष्याविषयीचे निरीक्षण अचूक आहे, आजच्या पक्षिशास्त्रज्ञालाही मान्य होईल इतके अचूक; आणि समोर उभ्या असलेल्या बाईविषयी त्याने काढलेला निष्कर्ष पूर्णपणे खोटा आहे. प्रेक्षकाला सत्य माहीत असते, राजाला नसते, आणि तरीही वस्तुस्थितीचा दाखला राजाच देत असतो. मला हा प्रसंग संस्कृत नाटकातील अत्यंत धारदार प्रसंगांपैकी एक वाटतो. वस्तुस्थिती ठाऊक असली म्हणजे दृष्टी निर्दोष होते असे नाही, हे कालिदासाने एका पक्ष्याच्या आधारे दाखवून दिले आहे. पाचवीतल्या मुलाला हे सारे आज समजणार नाही, पण नर गातो हे ज्या मुलाला कळले आहे त्याला आणखी सात-आठ वर्षांनी हा प्रसंग इतरांपेक्षा अधिक कळेल.

‘खोटे’ या शब्दाबद्दलही थोडे सांगायला हवे. इसवी सन ९०० च्या सुमारास कनोजच्या प्रतिहार राजांच्या आश्रयाला असलेला राजशेखर, ज्याच्या पणजोबांना ‘महाराष्ट्रचूडामणी’ असे म्हणत, त्याने ‘काव्यमीमांसे’त याच प्रश्नाचा विचार केला आहे. शास्त्राला धरून नसलेले, व्यवहारात न आढळणारे, पण परंपरेने चालत आलेले जे अर्थ कवी वापरतात त्यांना त्याने ‘कविसमय’ असे म्हटले. समय म्हणजे येथे संकेत, करार. वाहत्या नदीत कमळे फुलवणे, कोणत्याही पाण्यावर हंस उतरवणे, कीर्तीला आणि हास्याला पांढरा रंग देणे हे त्या करारात बसते. कोकिळाविषयी तर तो स्पष्टच सांगतो की हा पक्षी ग्रीष्मातही आणि इतर ऋतूंतही ओरडतो, पण कवींनी त्याचे कूजन वसंतापुरतेच ठेवले आहे. म्हणजे झाडावर काय घडते हे नीट ठाऊक असलेला माणूस कवितेत काय घडते याची वेगळी नोंद करत होता. करार दोन्ही बाजूंना माहीत असेल तर त्यात फसवणूक नसते. अडचण तेव्हा होते जेव्हा करार विसरला जातो आणि त्यातील कलमेच तेवढी वस्तुस्थिती म्हणून शिल्लक राहतात. आपल्या नातवाला कविता जरूर वाचून दाखवा. आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्याला एखाद्या फळलेल्या उंबराखाली घेऊन जा. नर तेथे गात असतो आणि ठिपक्यांची मादी पानांआड बसून मुकाट्याने उंबरे खात असते.

प्रश्न : आम्ही ‘चातकासारखी वाट पाहणे’ असे नेहमी म्हणतो. चातक खरोखर जमिनीवरचे पाणी पीत नाही का? आणि हा पक्षी आपल्याकडे आहे तरी का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : आहे, आणि आपल्या भागात तो पाहायला मिळण्याची शक्यता चांगली आहे. डोक्यावर टोकदार काळा तुरा, पाठ काळी, पोट पांढरे, उडताना पंखावर दिसणारा पांढरा डाग आणि लांब शेपटीच्या पिसांची पांढरी टोके, अशा रूपाचा हा पक्षी कोकिळाच्याच कुळातला आहे. मे महिना सरता सरता, मोसमी वाऱ्यांच्या थोडा पुढे, तो आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून येतो आणि बाभळी-बोरींच्या माळरानावर ‘पियू, पी-पी-पियू’ असे ओरडत हिंडू लागतो. तो आला की काही दिवसांत ढग येतात. पावसाची वाट पाहणारा पक्षी ही कल्पना येथूनच निघाली असणार, आणि तिच्या मुळाशी असलेले निरीक्षण शंभर टक्के खरे आहे.

‘फक्त पावसाचे थेंब’ हा भाग मात्र खरा नाही. त्याचे मुख्य अन्न म्हणजे किडे, आणि त्यांतही इतर पक्षी टाळतात त्या केसाळ अळ्या. या रसाळ अन्नातून त्याला पुष्कळसे पाणी मिळत असणार आणि त्यामुळे पाणवठ्यावर तो क्वचित दिसत असणार, असा माझा तर्क आहे. एका जूनमध्ये सासवडच्या पुढच्या माळावर मी एका चातकाला काळ्या केसांची मोठी अळी चोचीत या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा पुन्हा दाबताना पाहिले. त्याने तिच्या आतला भाग झटकून टाकला आणि मग ती गिळली. आकाशाकडे चोच करून आर्ततेने बसलेला पक्षी मी लहानपणापासून मनात बाळगला होता. समोर होता तो आपल्या कामात पूर्ण गढलेला, सराईत शिकारी. तो पाहून माझा विरस झाला नाही, उलट इतकी वर्षे मी त्याला पाहिलाच नव्हता याचे वाईट वाटले.

त्याला एवढी घाई का असते, हेही पाहण्यासारखे आहे. चातकाची मादी आपली निळसर अंडी सातभाईंच्या घरट्यात घालते, कारण त्यांचीही अंडी निळीच असतात. पावसाने किडे वाढतात, सातभाईंच्या विणीला जोर येतो, आणि चातकाला नेमकी ती वेळ गाठायची असते. तेव्हा तो वाट पाहतो हे खरेच. पण थेंबाची नव्हे, दुसऱ्याच्या घरट्याची.

प्रश्न : आमच्याकडे पावशा ‘पेरते व्हा’ म्हणू लागला की वडील पेरणीची तयारी करत. मागच्या एका वर्षी मी त्या भरवशावर कपाशी लावली, पाऊस लांबला आणि दुबार पेरणी करावी लागली. पक्ष्याला कळते की नाही? (एक शेतकरी वाचक, जालना जिल्हा)

उत्तर : आपले नुकसान झाले याचे मनापासून वाईट वाटते, दुबार पेरणीत बियाण्याबरोबर वर्षाची उमेद जाते हे आम्ही जाणून आहोत. म्हणून येथे अगदी सरळ उत्तर देतो. पावशाचा आवाज पेरणीची वेळ सांगत नाही.

पावशा हा चातकापेक्षा वेगळा पक्षी आहे, जरी बोलण्यात आणि जुन्या लेखनात दोघांची गल्लत पुष्कळदा झालेली असली तरी. तो राखाडी, दिसायला शिक्रा या शिकारी पक्ष्यासारखा, आणि बाहेरून न येता येथेच राहणारा. त्याच्या विणीचा हंगाम उन्हाळ्यात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपासून तो ओरडू लागतो. जूनमध्ये, ढगाळ दिवशी आणि चांदण्या रात्रीसुद्धा, त्याचा आवाज वाढतो. तीन-तीन स्वरांचा तुकडा प्रत्येक वेळी वर चढत जातो आणि टिपेला पोहोचल्यावर एकदम तुटतो. त्या स्वरांत शब्द नाहीत. मराठी शेतकऱ्याने त्यांत ‘पेरते व्हा’ ऐकले. हिंदी मुलखातल्या विरहिणीने ‘पी कहाँ’, म्हणजे ‘प्रियकर कोठे आहे’, असे ऐकले. बंगाली माणसाला ‘चोख गेलो’, म्हणजे ‘डोळे गेले’, असे ऐकू आले. आणि उन्हाळ्याने हैराण झालेल्या इंग्रज साहेबाला ‘ब्रेन फीवर’, म्हणजे मेंदूज्वर. एकाच पक्ष्याचा एकच आवाज, आणि ज्याच्या मनात जे होते ते त्याने ऐकले. आपल्या पूर्वजांच्या मनात जूनच्या आरंभी पेरणीवाचून दुसरे काय असणार! ‘पेरते व्हा’ हे शब्द पक्ष्याविषयी फार थोडे सांगतात, परंतु ते ऐकणाऱ्या माणसाच्या काळजीविषयी सारे काही सांगतात, आणि म्हणून ते मला मोलाचे वाटतात.

आपल्या वडिलांचा अनुभव खोटा होता असे मात्र समजू नका. पावशा, मृग नक्षत्र, वाऱ्याची दिशा, मुंग्यांची धावपळ, जमिनीतली ओल, अशा अनेक खुणा ते एकत्र पाहत असणार, आणि आपल्या आठवणीत त्यांतली सर्वांत सुरेल खूण तेवढी राहिली. जमिनीचीच खूण धरायची तर कृषी विभागाचा सल्ला पाळावा : ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झाल्याशिवाय कोरडवाहू पेरणी करू नये. काठी किंवा कुदळ घेऊन ओल किती खोल गेली आहे हे पाहण्यात पावशाचा काहीही अपमान नाही.

प्रश्न : हंस दूध आणि पाणी वेगळे करतो आणि चकोर चांदणे पितो, हे तरी खरे आहे का? (एक विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर : दोन्ही खरे नाही. ज्याला आपण राजहंस म्हणतो तो, म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पाणपक्षी, तिबेट-लडाखच्या सरोवरांवर वीण करतो, हिमालय ओलांडून हिवाळ्यात उजनी आणि जायकवाडीच्या काठांवर उतरतो, आणि तेथे गवत व धान्य खातो. चकोर हा तित्तिराच्या जातीचा, हिमालयाच्या कोरड्या उतारांवर राहणारा पक्षी आहे. त्याचे अन्न म्हणजे बिया, कोंब आणि किडे. महाराष्ट्रात तो आढळत नाही.

म्हणूनच ज्ञानेश्वरीतील एक ओवी वाचताना मी दर वेळी थांबतो. ‘जैसे शारदियेचे चंद्रकळे । माजीं अमृतकण कोंवळे । ते वेंचिती मनें मवाळें । चकोरतलगें ॥’ गोदावरीच्या खोऱ्यात नेवाशाला १२९० मध्ये हे सांगणाऱ्या ज्ञानदेवांनी चकोर पाहिला असण्याची शक्यता फार कमी आहे. तलग म्हणजे पिल्लू. चकोराचे पिल्लू शरदाच्या चांदण्यातले कोवळे अमृतकण मऊ मनाने वेचते, तशी ही कथा चित्त हळुवार करून अनुभवावी, असे ते श्रोत्यांना सांगतात. येथे पक्ष्याविषयी काहीच सांगितलेले नाही. ऐकणाऱ्याने कसे ऐकावे हे सांगितले आहे, आणि त्याबाबतीत ही ओवी अक्षरशः खरी आहे. पक्षी चुकीचा आहे म्हणून ही ओवी सोडून देणाऱ्याला मी रसिक म्हणणार नाही, आणि ओवीवरून चकोराचे अन्न ठरवणाऱ्याला अभ्यासक म्हणणार नाही.

प्रश्न : महाविद्यालयीन निबंधात मी लाचखोर माणसांना ‘गिधाडे’ म्हटले. माझ्या मैत्रिणीने त्यावर हरकत घेतली आणि गिधाडांवर हा अन्याय आहे असे ती म्हणाली. उपमेत अन्याय कसला? (एक विद्यार्थी, महाड)

उत्तर : तुमच्या मैत्रिणीची हरकत मला योग्य वाटते. इतर पक्ष्यांच्या बाबतीत कल्पना आणि वस्तुस्थिती यांतल्या अंतराने फारसे बिघडले नाही. गिधाडाच्या बाबतीत बिघडले आहे असे मी समजतो.

गिधाड मेलेल्यावर जगते, जिवंत प्राण्याला लुबाडत नाही. लाचखोर माणूस जिवंत आणि गरजू माणसाला लुबाडतो. म्हणजे ही उपमा मुळातच जुळत नाही. गावाबाहेर टाकलेले मेलेले जनावर गिधाडांचा थवा तासा-दोन तासांत हाडांपर्यंत साफ करत असे, आणि त्याबद्दल आपण त्यांना अधाशीपणाचे, किळसवाणेपणाचे नाव दिले. वास्तविक ज्या भाषेला जटायू ठाऊक आहे तिने असे करायला नको होते.

१९९० नंतरच्या दशकात गिधाडे झपाट्याने मरू लागली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली, म्हणजे हजारातले जेमतेम एक उरले. लांब चोचीच्या गिधाडांत सुमारे ९७ टक्के घट झाली. आधी रोगाचा संशय होता. २००४ मध्ये पाकिस्तानातील अभ्यासावरून कारण सिद्ध झाले. जनावरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात गेले की त्याचे मूत्रपिंड निकामी होते आणि काही दिवसांत ते मान खाली टाकून मरते. भारताने २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. मुंबईत मलबार हिलवरच्या पारशी समाजाच्या दख्म्यांवर, म्हणजे मृतदेह गिधाडांसाठी उघड्यावर ठेवण्याच्या बुरुजांवर, शतकानुशतके चालत आलेली अंत्यविधीची पद्धत गिधाडांवाचून अडली आणि तेथे सूर्यकिरण एकवटणारी उपकरणे बसवावी लागली.

मोर किंवा सारस असे हजारातून एकावर आले असते, तर गावोगावी हळहळ व्यक्त झाली असती. गिधाडे नाहीशी झाली तेव्हा बहुतेकांच्या ते लक्षातही आले नाही. त्यांच्याकडे प्रेमाने पाहण्याची सवय आपल्या बोलण्याने आपल्याला लावलीच नव्हती. औषधाने गिधाडे मेली, शब्दांनी नव्हे, हे मी जाणतो. परंतु त्यांचे मरण इतकी वर्षे कोणाला दिसले नाही याचा थोडा दोष तरी मी ‘गिधाडासारखा तुटून पडला’ या वाक्प्रचाराकडे देतो.

तुम्ही महाडचे आहात, म्हणून एक विनंती करतो. रायगड जिल्ह्यात पांढऱ्या पाठीची गिधाडे माडांवर आणि उंच झाडांवर घरटी करत आली आहेत आणि स्थानिक लोकांनी त्यांच्या रक्षणाचे काम केले आहे. त्या लोकांबरोबर एक दिवस घालवा. मी गेलो होतो तेव्हा दुपार टळत आली होती. खाऊन झालेली तीन गिधाडे ओढ्याच्या उथळ पाण्यात उतरली, मान बुडवून आणि पंख आपटून बराच वेळ नाहली, आणि मग एका कातळावर ओळीने उभी राहून त्यांनी आपले प्रचंड पंख उन्हाकडे पाठ करून पूर्ण पसरले. पंखांच्या टोकांवरून पाणी गळत होते. शेजारी बसलेला गुराखी माझ्याकडे पाहून म्हणाला, “जेवल्यावर आंघोळ केल्याबिगर ती जायची नाहीत.”